शिक्षेसाठी पुढची तारीख

"बाई, अजून लिहू नका."

साहेब हे वाक्य म्हणाले की कोर्टातली चुळबुळ थांबायची. आरोपी दोषी ठरलेला असायचा, तेवढा भाग मी लिहून घेतलेला असायचा, आणि राहिलेला असायचा तो फक्त शिक्षेचा आकडा. साहेब डाव्या मनगटावरचं घड्याळ काढायचे, टेबलावर पालथं ठेवायचे आणि आरोपीकडे बघून म्हणायचे, "गुन्ह्याबद्दल बोलून झालं. आता शिक्षेबद्दल बोल."

तुम्ही कधी तालुक्याच्या कोर्टात मागच्या बाकावर बसला असाल, तर हे विचारणं कायद्यातच आहे हे तुम्हाला ठाऊक असेल. दोषी ठरलेल्या माणसाला शिक्षेवर म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. पण बहुतेक ठिकाणी हा भाग एका दमात उरकतात. मी अठ्ठ्याण्णव साली लघुलेखक म्हणून नोकरीला लागले, तेव्हा पहिल्या साहेबांच्या हाताखाली 'आरोपीने दयेची विनंती केली' हे वाक्य मी कुणी काही बोलायच्या आतच टाइप करून ठेवायचे. विनंती कुणी केली असो वा नसो.

वर्षभराने हे साहेब आले. सोलापूरकडचे, उंच, सावळे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. आमचं कोर्ट खाडीच्या तोंडाशी होतं. भरतीच्या वेळी खिडकीतून पाण्याचा आवाज यायचा, आणि साहेबांना सुरुवातीला वाटायचं की बाहेर माणसं जमली आहेत. दोनदा त्यांनी आमचा शिपाई बाबलकाका यांना "कोण आलंय बघा" म्हणून बाहेर पाठवलं. बाबलकाका व्हरांड्यापर्यंत जाऊन आले आणि अदबीने म्हणाले, "कोण नाय साहेब. पाणी इला."

मालवणी शिकायची त्यांनी फार धडपड केली. आरोपी ऑफिसातल्या मराठीत बोलायला लागला की खोटं बोलतो, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे ते स्वतःच त्याच्या भाषेत शिरायला बघायचे. एका म्हाताऱ्या साक्षीदारणीला त्यांनी मोठ्या आत्मविश्वासाने विचारलं, "आजी, त्या दिवशी तू खंय गेललो?" म्हातारी पदराआड हसली आणि म्हणाली, "साहेबानु, मी बाईल माणूस, माका गेललो म्हणतास?" सगळं कोर्ट हसलं, साहेबही हसले. ती चूक त्यांनी चेंबरमध्ये येऊन वहीत लिहून ठेवली.

त्याच वहीत मागच्या बाजूने ते दुसरं काहीतरी लिहायचे. ते मला पुढे कळलं. कुणाला किती शिक्षा दिली आणि का दिली, असं ते लिहीत होते. एकदा एका माणसाने दुसऱ्याचं मासेमारीचं जाळं चोरलं होतं. साहेबांनी मधल्या सुट्टीत बाबलकाकांना विचारलं की जाळ्याची चोरी तुम्ही लोक केवढी मोठी समजता. बाबलकाकांचं घर मच्छीमारांचं. ते थोडा विचार करून म्हणाले, "मे म्हयन्यात चोरला तर जाळा चोरला साहेब. श्रावणात चोरला तर घर चोरला." मे महिन्यात मासेमारीचा हंगाम संपत आलेला असतो, श्रावणात नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू होतो. साहेबांनी हे शब्दशः उतरवून घेतलं आणि मला म्हणाले, "बघा बाई, कलम एकच आहे. महिना कुठे लिहायचा ते कलमात नाही."

तेव्हा मला ही त्यांची हौस वाटली होती.

दोन प्रकरणं सांगते, कारण पुढचं सगळं त्या दोनांवर उभं आहे. दोन्हींचं कलम एकच, हयगयीने मृत्यूला कारणीभूत होणं. जास्तीत जास्त दोन वर्षं, कमीत कमी काहीच नाही. मधली सगळी जागा न्यायाधीशाची.

पहिलं प्रकरण मुंबईहून सुट्टीला आलेल्या एका गृहस्थांचं. त्यांच्या गाडीखाली सायकलवरून येणारा एक सुतार मेला होता. गृहस्थांनी मोठ्या शहरातून वकील आणला. साहेबांनी घड्याळ काढून ठेवलं, आणि वकील शिक्षेबद्दल पाऊण तास बोलले. घरी वृद्ध आई, नोकरीतली पत, मृताच्या कुटुंबाला केलेली मदत, पश्चात्ताप. सगळं खरंच होतं. साहेबांनी दंड केला आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद दिली. ते गृहस्थ पाच वाजेपर्यंत मागच्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसले. पाच वाजता उठले, साहेबांना नमस्कार केला आणि गेले.

दुसरं प्रकरण आठ महिन्यांनी निकालाला आलं. खाडीवर एक तर चालायची, म्हणजे माणसं पलीकडे पोचवणारी होडी. पलीकडच्या गावच्या जत्रेच्या दिवशी तारीने, म्हणजे ती होडी चालवणाऱ्याने, झेपतील त्याहून जास्त माणसं घेतली. मध्यावर होडी कलंडली. बाकीचे वाचले, दोन बायका बुडाल्या. त्यातली एक माहेरी जत्रेला आलेली, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. गावात दोन महिने दुसरा विषय नव्हता. वर्तमानपत्रांत आलं, मोर्चा निघाला.

निकालाच्या दिवशी तारीचा वकील पोचलाच नाही, त्याची एस.टी. घाटात बंद पडली होती. साहेबांनी थांबायची तयारी दाखवली. तारी नको म्हणाला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस होता. साहेबांनी घड्याळ काढलं, आणि त्याला शिक्षेबद्दल बोलायला सांगितलं.

तारी म्हणाला, "माका काय सांगूचा नाय. होडी माझी, वल्हा माझा, माणसा मीच घेतलंय."

साहेबांनी त्याला अजून काही आहे का म्हणून तीनदा विचारलं. तो खाडीच्या बाजूच्या खिडकीकडे पाठ करून उभा होता, तसाच राहिला. मग साहेबांनी मला लिहायला सांगितलं. अठरा महिने सश्रम कारावास. कारणांत त्यांनी सांगितलं की अशा प्रकारांना जरब बसली पाहिजे.

अपील करतो म्हटलं असतं तर त्याच दिवशी जामीन झाला असता. साहेबांनी तसं त्याला समजावून सांगितलंही. तारीने मान हलवली आणि पोलिसांच्या पुढे चालायला लागला.

दुसऱ्या दिवसापासून त्याची बायको कोर्टात यायला लागली.

ती मासे विकायची. बाजार आटोपला की रिकामी पाटी घेऊन आवारात यायची आणि चेंबरच्या खिडकीसमोरच्या पायरीवर बसायची. बोलायची नाही, रडायची नाही, कुणाला काही विचारायची नाही. तासभर बसायची, मग पाटी उचलून जायची. रविवार सोडून रोज. पावसाळा लागला तेव्हा डोक्यावर इरलं घेऊन बसायला लागली, आणि खिडकीतून बघितलं तर तिचा चेहराही दिसेनासा झाला. तिने रवळनाथाकडे गाऱ्हाणं घातलंय, अशी कुजबुज सुरू झाली. कोर्टाचा पैशांचा कारभार बघणारे नाझर तिच्या बाजूने जाणं टाळायला लागले. कारकून मंडळी मागच्या दाराने ये-जा करायला लागली. साहेबांनी सुरुवातीला खिडकीचं एक दार लावून घेतलं. मग एके दिवशी स्वतःच ते उघडलं आणि पुन्हा लावू दिलं नाही.

अशातच वरून एक पत्र आलं. एकाच गुन्ह्याला देशातल्या वेगवेगळ्या कोर्टांत वेगवेगळी शिक्षा होते, त्याला काही माप ठरवून देता येईल का, याचा विचार दिल्लीत कुठल्याशा समितीत चालला होता. प्रत्येक कोर्टाने काही ठरावीक कलमांखालचे जुने निकाल तपासायचे, तक्ता करायचा आणि अभिप्राय पाठवायचा. अशी पत्रं येतात तेव्हा सर्वसाधारणपणे एक कारकून बसून अंदाजाने भरून टाकतो. साहेबांनी ते काम स्वतःकडे घेतलं, आणि अर्थातच माझ्याकडे.

तीन आठवडे मी रेकॉर्ड रूममधून जुन्या फायली काढत होते. साहेबांनी रकाने आखून दिले होते. आरोपीचं वय, पहिलाच गुन्हा की आधीचा आहे, वकील होता की नाही, शिक्षेवर काय बोलला, शिक्षा किती. टाइप करता करता माझ्या लक्षात यायला लागलं की 'वकील नाही' आणि 'काही सांगावयाचे नाही' हे दोन रकाने एकत्र आले की शेवटचा आकडा हमखास मोठा. सगळ्याच साहेबांच्या काळात तसं होतं. जाणूनबुजून कुणीच केलेलं नव्हतं.

तक्ता कलमाप्रमाणे आणि तारखेप्रमाणे लावला होता. त्यामुळे ते मुंबईचे गृहस्थ आणि तारी एकाखाली एक आले.

साहेबांनी कागद वाचायला घेतला तो दुपारी. मी समोर उभी होते. त्या पानावर त्यांचं बोट दोन ओळींवर थांबलं.

"टाइप करताना काही चुकलंय का?"

"नाही साहेब. दोनदा ताडून घेतलंय."

त्यांनी घड्याळ काढलं आणि टेबलावर ठेवलं. चेंबरमध्ये त्यांना असं करताना मी प्रथमच बघितलं. बाहेर पायरीवर ती बसली होती. साहेब म्हणाले, "त्या बाईंना आत बोलवा."

बाबलकाका घाबरत गेले. ती आत आली, पाटी दाराबाहेर ठेवून. साहेबांनी तिला बसायला सांगितलं, ती उभीच राहिली. कायद्याने मी तुमच्या नवऱ्याचा निकाल आता बदलू शकत नाही, सही झाल्यावर माझ्या हातात काही उरत नाही, पण उशिरा का होईना अपील करता येईल, फुकट वकील मिळेल, असं साहेबांनी तिला सावकाश सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. घोव अपील करायला तयार नाही, असं ती म्हणाली. मग साहेबांनी विचारलं की तर मग तुम्ही रोज इथे का येता.

ती म्हणाली, "माका इतक्याच इचारूचा होता. तुमी दीड वरस कसा काढलास?"

साहेबांना कळलं नसावं असं वाटून तिने पुन्हा सांगितलं. "एक कित्याक नाय? दोन कित्याक नाय? गावात सगळी माका इचारतत. मी तेंका काय सांगू?"

आवाजात राग नव्हता. बाजारात मापाबद्दल विचारावं तसं तिने विचारलं होतं. मी वही उघडून बसले होते, काहीतरी लिहावं लागेल म्हणून. लिहिण्यासारखं काही झालंच नाही. ती म्हणाली, "बरा," आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. पायरी रिकामी दिसायला लागली, आणि साहेब येता-जाता तिथे बघायला लागले.

त्यानंतर त्यांनी माप करायला घेतलं. खरं तर वरून फक्त अभिप्राय मागितला होता, मसुदा कुणी मागितला नव्हता. साहेब मला समजावून सांगायचे. प्रत्येक गुन्ह्याला आधी एक सुरुवातीचा आकडा ठरवायचा. मग चूक किती मोठी ते बघून वर किंवा खाली जायचं. मग नुकसान किती. मग माणूस नंतर कसा वागला. मग आधीची शिक्षा. आणि प्रत्येक पायरीला कारण लिहायचं, म्हणजे पायरीवर बसलेल्या बाईला ते वाचून दाखवता येईल. हे शेवटचं वाक्य त्यांनी खरोखर डिक्टेट केलं, मग म्हणाले, "बाई, ते लिहू नका."

पहिला मसुदा झाला की आम्ही तो जुन्या फायलींवर लावून बघायचो. त्या मापाने तारीला तीन महिने आले. साहेबांना बरं वाटलं. पण त्याच मापाने एका माणसाला, ज्याने दारू पिऊन जीप चालवून शाळेतली पोर मारली होती, तेही तीनच महिने आले. मग नुकसान आधी मोजायचं असा दुसरा मसुदा झाला. त्याने तारीला दोन वर्षं आली, कारण दोन जीव. तिसऱ्यात चूक आणि नुकसान यांची सांगड घातली, तर तारी हमीपत्रावर सुटायला लागला आणि जाळं चोरणारा आत जायला लागला. एकेक नवी फाईल येऊन मापाचा एकेक कोपरा मोडायची. साहेब खोडायचे, मी पुन्हा टाइप करायचे. कार्बन लावून लावून माझी बोटं निळी झाली. चौथ्या मसुद्याला मी म्हटलं, "साहेब, पुरे आता." ते म्हणाले, "तारी अजून एका जागी थांबत नाही."

त्याच सुमारास जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायाधीशांची एक कार्यशाळा झाली, शिक्षेच्या मापाबद्दलच. मी टाइपिंगसाठी बरोबर गेले होते. साहेबांनी तिथे एक प्रकरण वाचून दाखवलं, नावं काढून. खाडी, जत्रा, होडी, दोन मृत्यू, पहिलाच गुन्हा, आरोपी काही बोलत नाही. प्रत्येकाने चिठ्ठीवर शिक्षा लिहायची, शेजाऱ्याला न दाखवता. दहाबारा न्यायाधीश शाळेतल्यासारखे हात आडवे धरून लिहायला लागले, तेव्हा जरा हशा झाला.

चिठ्ठ्या मी गोळा केल्या आणि साहेबांनी वाचल्या. दंड. दोन वर्षं. हमीपत्रावर सुटका. सहा महिने. एक वर्ष. कोर्ट उठेपर्यंत. पुन्हा दोन वर्षं. अर्ध्या चिठ्ठ्या वाचून होईपर्यंत हशा संपला होता.

वरिष्ठ न्यायाधीशांनी विचारलं, "आणि खऱ्या प्रकरणात किती दिली होती?"

"अठरा महिने."

तो आकडा एकाही चिठ्ठीवर नव्हता.

"कुणी दिली?"

"मी."

मग वाद झाला. एक तरुण न्यायाधीश म्हणाले की असं ठरवून दिलेलं माप हवंच. दुसरे चिडून म्हणाले की मग आम्ही कशाला, तक्ता भिंतीला लावा आणि शिपायाला वाचायला सांगा. जेवणाच्या वेळी वरिष्ठांनी साहेबांना बाजूला घेतलं. मी जवळच होते. त्यांनी अगदी आपुलकीने सांगितलं की अभिप्राय पाठवा, तक्ताही पाठवा, पण ते दोन निकाल तुमचे आहेत असं लिहू नका. कागद कुठे कुठे फिरतो, कुणाच्या हाती जातो, सांगता येत नाही. तुमची बढती जवळ आली आहे.

साहेबांनी परत आल्यावर सातवा मसुदा जोडला आणि वर एक पत्र मला सांगितलं. त्यात होतं, 'तक्त्यातील या दोन निकालांतील फरकाचे समाधानकारक कारण मी देऊ शकत नाही. दोन्ही निकाल माझे आहेत.' मी टाइप करायची थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टाइप केलं. पत्र गेलं, आणि त्याचं उत्तर कधीच आलं नाही.

इथपर्यंत मी तुम्हाला सांगितलं ते ऐकून तुम्हाला साहेब मोठे वाटले असतील. मलाही वाटत होते. पण त्यानंतर कोर्टात जे सुरू झालं त्याची भीती वाटायला हवी होती, आणि ती आम्हाला फार उशिरा वाटली.

साहेब दोषी ठरवायचे, घड्याळ काढायचे, आरोपीला बोलायला सांगायचे, वहीत लिहायचे, आणि मग म्हणायचे, "शिक्षेसाठी पुढची तारीख." पुढच्या तारखेला पुन्हा ऐकायचे. पुन्हा तारीख. वकिलांना आधी कौतुक वाटलं, मग कंटाळा आला. दैनंदिन बोर्डावर 'शिक्षेसाठी' असा शेरा असलेली प्रकरणं वाढत गेली. चेंबरमध्ये सातव्या मसुद्यावर आठवा, आठव्यावर नववा. साहेबांचं वजन उतरलं. घड्याळ टेबलावरून परत हातात घालायचं ते विसरायला लागले. बाबलकाका संध्याकाळी ते त्यांच्या हातात देऊन यायचे.

तारी सुटल्याचं आम्हाला बाबलकाकांनीच सांगितलं. शिक्षेत सूट मिळून तो जरा लवकर आला होता. खाडीवर तोवर दुसऱ्याची होडी सुरू झाली होती. आठवडाभराने तो आपणहून कोर्टात आला आणि व्हरांड्यात उभा राहिला. खूप वाळला होता. खांद्यांची फक्त हाडं राहिली होती. साहेब जेवायला निघाले होते. दोघं समोरासमोर आले. मी दारातच होते.

साहेबांनी विचारलं, "सुटलास ना?"

"होय. दीड वरस सांगितलास, ता झाला," तो म्हणाला. मग नजर न उचलता म्हणाला, "पण आजून किती ऱ्हवला, ता माका कोण सांगतलो?"

साहेबांनी त्याचा हात धरला. तारीने हात सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही. थोड्या वेळाने तो गेला. पुढे तो बायकोबरोबर आरोंद्याकडे तिच्या भावाच्या शेतावर गेला असं कळलं. पाण्यावर तो पुन्हा उतरला नाही.

त्या दिवशी साहेब जेवले नाहीत.

आणि मग तो पंपवाला. आंब्याच्या बागेतला पाण्याचा पंप चोरला म्हणून पकडलेला, पंचेचाळीस-पन्नासचा, एकटा, जामीन द्यायला कुणी नसलेला माणूस. त्याने पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला होता. साहेबांनी शिक्षेसाठी तारीख दिली. दर पंधरा दिवसांनी पोलीस त्याला घेऊन यायचे, तो माझ्याकडे बघून ओळखीचं हसायचा, पोलिसांच्या बाकावर बसायचा आणि पुढची तारीख घेऊन परत जायचा. त्याने कधी तक्रार केली नाही. त्यामुळे तो किती वेळा आला हे कुणी मोजलं नाही.

एक दिवस साहेब प्रसन्न दिसले. नववा मसुदा या प्रकरणाला बरोबर लागू पडत होता. प्रत्येक पायरीचं कारण त्यांनी स्वच्छ सांगितलं, मी लिहून घेतलं. शेवटी ते म्हणाले, "तीन महिने. आत काढलेले दिवस वजा करून सांगा, बाई."

मी फाईल चाळली. मग पुन्हा चाळली.

"साहेब, सात महिने झालेत."

साहेबांनी चष्मा काढला. तो माणूस कुणाकडे बघावं हे न कळून एकदा माझ्याकडे आणि एकदा साहेबांकडे बघत होता. सरकारी वकिलांनी त्याला सांगितलं की तू सुटलास, जा. त्याने हात जोडले, वळला, आणि सवयीने पोलिसांच्या बाकावर जाऊन बसला. हवालदार म्हणाला, "अरे जा, आता तुका बसूचा नाय हय." तो बसूनच राहिला. शेवटी बाबलकाकांनी त्याला दंडाला धरून फाटकाबाहेर पोचवलं.

साहेब चेंबरमध्ये गेले आणि मला म्हणाले, "बाई, हे मात्र लिहा." मी वही उघडली. त्यांनी नववा मसुदा उचलला आणि परत ठेवला. मग म्हणाले, "जा तुम्ही घरी."

दुसऱ्या दिवशी त्यांचा रजेचा अर्ज आला, आजारपणाचा. रजा वाढत गेली, मग त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. त्यांच्या वह्या त्यांनी नेल्या. नऊ मसुद्यांच्या कार्यालयीन प्रती कपाटात राहिल्या. काही वर्षांनी सोलापूरकडच्या एका वकिलाकडून कळलं की ते गेले. शेवटपर्यंत गावी एकटेच राहात होते म्हणे, आणि कुणी सल्ला विचारायला आलं तर दारातूनच परत पाठवत. त्याच सुमारास वरून पुन्हा एक पत्र आलं होतं. विषय तोच, प्रश्न थोडे फिरवलेले. तेव्हाच्या साहेबांनी 'अशा मार्गदर्शक तत्त्वांची आवश्यकता वाटते' एवढी एक ओळ लिहून पाठवली. त्यांचंही बरोबरच होतं, आवश्यकता होतीच.

मला मात्र आमच्या साहेबांच्या रजेनंतरची एक दुपार आठवते. शेजारच्या तालुक्याच्या न्यायाधीशांकडे आमच्या कोर्टाचा तात्पुरता कार्यभार दिला होता. भला माणूस, कामाला चोख. त्यांना साडेचारची एस.टी. गाठायची होती. त्यांनी बोर्ड बघितला, 'शिक्षेसाठी' शेरा असलेली नऊ प्रकरणं बाजूला काढली आणि म्हणाले, "बाई, हे आज संपवू."

कोयत्याने जावेला जखमी करणारी बाई होती. शेतातला मांगर, म्हणजे खोपट, पेटवलेला माणूस होता. जाळं चोरलेला आणखी एक होता, टेम्पोवाला होता. एकेकाचं नाव पुकारलं गेलं. "शिक्षेवर काय म्हणणं आहे?" कुणी दया म्हणालं, कुणी काहीच नाही. सहा महिने. पुढचा. सहा महिने. तिसऱ्या निकालानंतर कारणांचा परिच्छेद मला तोंडपाठ झाला. त्यानंतर मी फक्त नाव बदलत गेले. चहा यायच्या आत नऊ निकालांवर सह्या झाल्या. त्या न्यायाधीशांनी घाम पुसला, "संपलं ना?" म्हणून विचारलं, आणि बाबलकाका त्यांची बॅग घेऊन स्टँडकडे निघाले.

ज्यांचे वकील होते ते जामिनाच्या कागदांमागे गेले. उरलेले पाच जण पोलिसांच्या गाडीची वाट बघत व्हरांड्यात ओळीने उभे होते. मी टाइपरायटरवर झाकण घालत होते. बाहेर ते एकमेकांना विचारत होते, तुका किती, सहा, आणि तुका, सहाच. ओळीच्या टोकाचा माणूस जरा मोकळा होऊन हसला.

"बरा झाला," तो म्हणाला. "सगळ्यांक सारक्या."